गारा पडल्या नाहीत तो दिवस

मला ऑफिसात सगळे मास्तर म्हणतात. शिकवण्याशी माझा काडीचा संबंध नाही. मी तेरा वर्षं कंडक्टर होतो आणि आपल्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. कुठल्या डेपोला होतो ते सांगत नाही. तिथं अजून माझी माणसं ड्युटीवर आहेत, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको. आता एकेचाळिसाव्या वर्षी मी नाशिकला गंगापूर रोडवर, एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्यांतल्या कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या सासऱ्यांनीही हसून घेतलंय, त्यांना जरा जास्त वेळ लागला.

नाव सावळीराम बोडके. गाव सिन्नरच्या अलीकडे. नोकरी बदलली ती काही स्वप्नंबिप्नं बघून नाही, कमरेनं बदलायला लावली. मणका सरकला, डॉक्टर म्हणाले की असं हेंदकाळत उभं राहून आणखी दोन वर्षं काढलीत तर तिसऱ्या वर्षी काठी घ्या. त्याच दिवसांत सिन्नर–नाशिक फेरीला एक मुलगी रोज दारामागच्या सीटवर बसायची. मांडीवर लॅपटॉप, तोंडात पेन, तिकिटाचे सुटे पैसे आधीच हातात. तिचं नाव तेजस्विनी. एक दिवस मी विचारलं, एवढं काय टाईप करता ओ? दुसरी कुणी असती तर हसली असती आणि खिडकीबाहेर बघितलं असतं. हिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझा पहिला प्रोग्रॅम मी मोहदरीच्या घाटात, एका हातानं दांडी धरून शिकलोय. पुढं दीड वर्ष रोज तेवढाच पाऊण तास. रविवारी घरी, लेकीच्या, आरोहीच्या जुन्या लॅपटॉपवर. तेजस्विनी मॅडमनी स्वतःची कंपनी काढली तेव्हा म्हणाल्या, मास्तर, सहा महिने येऊन बघा, मी बघते, तुम्हीही बघा, मग कायम करायचं की नाही ते ठरवू.

मी राजीनामा दिला. सगळे म्हणाले की येडा झालाय. माझी बायको छाया अंगणवाडीत आहे, ती तेवढी म्हणाली, ऑपरेशन झाल्यावर खुर्चीत बसायचंय, त्यापेक्षा आधीच बसा. पण राजीनामा म्हणजे राजीनामा. परत जायला दार नव्हतं. हे सहा महिने पार पडले नाहीत तर मी ना इकडचा ना तिकडचा.

आणि सहावा महिना संपत होता शुक्रवारी. मी सांगतोय ती गोष्ट त्याच आठवड्यातल्या बुधवारची.

आमचं मुख्य काम द्राक्षवाल्यांचं. एका बागायतदार संघाचे सहाशे बारा सभासद आहेत, निफाड, दिंडोरी, थोडे सिन्नरकडे, थोडे कळवणला. हवामान बिघडणार असलं की संघाच्या ऑफिसातून एक बटण दाबलं जातं आणि या सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो. ते बटण आम्ही बनवलंय. फवारणी थांबवा, दव पडणार आहे, गारपीट येतेय, असे दहा-बारा ठरलेले मेसेज. गारपिटीच्या मेसेजवर लोक विचार करत बसत नाहीत. तयार माल झाडावर असेल तर मजूर बोलवून तोडायला लागतात, कारण पाच मिनिटांच्या गारांत वर्षाचं पीक जमिनीवर येतं.

त्या बुधवारी मला त्या बटणात एक बारीक दुरुस्ती करून ते दाबून बघायचं होतं. असं तपासताना मेसेज खऱ्या लोकांना जात नाही. त्यासाठी आम्ही वेगळी छोटी यादी ठेवलीय, त्यात आमचेच पाच नंबर. पण आदल्या दिवशी मी दुसरंच काहीतरी शोधताना खरी यादी जोडली होती आणि ती परत काढायची राहिली. कंडक्टर माणूस मी, शेवटच्या स्टॉपला पाटी बदलल्याशिवाय कधी गाडीतून उतरलो नाही, आणि इथं नेमकी तीच पाटी बदलायची विसरलो.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी बटण दाबलं. स्क्रीनवर यायला हवं होतं, पाच जणांना पाठवलं. आलं, सहाशे बारा.

आज दुपारी आपल्या भागात गारपिटीची दाट शक्यता, तयार माल काढून घ्यावा. सहाशे बारा. बाहेर ऊन असं की डोळे दिपावेत.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून लाज वाटते, पण सांगणार. मी बोललो नाही. शेजारी ओम बसला होता, हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. समोर वैष्णवी. पलीकडे सार्थक. आतल्या खोलीत मॅडम. चार माणसं, सगळी माझ्यापेक्षा हुशार, आणि मी तोंड मिटून बसलो. ते पान परत उघडलं. परत सहाशे बारा. बंद केलं, उघडलं. टेबल पुसलं. वाटलं, सिस्टिमनं आपोआप पाठवलं म्हणून सांगावं. वाटलं, दोन दिवस राहिलेत फक्त, शुक्रवार. आरोहीनं वर्गात सांगितलं होतं, माझे पप्पा डेव्हलपर आहेत.

का बोललो नाही, तर त्याला एक जुनं कारण आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी घोटीला चहाच्या स्टॉपनंतर मी माणसं न मोजता घंटी मारली आणि बयाबाई नावाची एक म्हातारी मागं राहिली. तिची पिशवी गाडीत, ती स्टँडवर. दहा मैलांवर लक्षात आलं. मी आपणहून कंट्रोलरला फोन करून सांगितलं, चूक माझी. म्हातारी सुखरूप पोचली, पिशवी पोचली, आणि मला मेमो मिळाला. तीन दिवस घरी. नियमानं बरोबरच होतं, माझी तक्रार नाही. पण त्याच महिन्यात दुसऱ्या एकानं असाच माणूस मागं ठेवला, गप्प राहिला आणि त्याला कुणी काही विचारलं नाही. मी तेव्हा जे शिकायचं ते शिकलो. तेरा वर्षांत ते चांगलं मुरलं.

दहा एक्कावन्नला मॅडमचा फोन वाजला. संघाचे सचिव, पिंगळे. त्यांचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता, म्हणजे बघा. गारपिटीचा मेसेज कुणी पाठवला, हवामान खात्याचं तर काहीच नाही, पोरं बागांत पळालीत. मॅडम दारात आल्या. मी स्क्रीनकडे वाकून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, अरेच्चा, हे माझ्याकडूनच गेलेलं दिसतंय, आत्ताच दिसलं.

आत्ताच. हा शब्द माझ्याच तोंडातून आला.

मॅडमनी मला काही विचारलं नाही. सार्थकला म्हणाल्या, काय काय गेलंय ते बघ आणि गावानुसार यादी काढ. मग चुकीची दुरुस्ती करणारा मेसेज पाठवायचा विषय निघाला, आणि तिथं आम्ही सगळेच आपटलो. एवढ्या लोकांना एकदम मेसेज पाठवायचा तर त्याचा मजकूर आधी मोबाईल कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, त्याला दोन-तीन दिवस जातात. गारपिटीचा मजकूर मंजूर होता. आधीचा मेसेज चुकून गेला, माफ करा, असा मजकूर कोण आधी मंजूर करून ठेवतं? म्हणजे घाबरवायची सोय होती, धीर द्यायची नव्हती.

पिंगळेंनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लगेच टाकलं की मेसेज चुकीचा आहे. झालं उलटंच. लोक म्हणाले, संघाचा अधिकृत मेसेज खरा, व्हॉट्सॲपवरची अफवा. आता काय बोलणार! एक माणूस तर ग्रुपवर अफवा पसरवू नका म्हणून पिंगळेंनाच दम देत होता.

मग फोनच करायचं ठरलं. पाच माणसं, सहाशे बारा नंबर. सार्थकनं यादी वाटली. मी म्हटलं, थांबा, असं वरून खाली नको. बागा मला माहीत नाहीत, पण रस्ते माहीत आहेत. ज्यांचा माल आत्ता तोडणीला आलाय ते आधी, ते कोण हे पिंगळेंना विचारा. आणि प्रत्येक गावात आधी ज्याचं दुकान किंवा हॉटेल स्टँडवर आहे त्याला सांगा, तो गावभर करतो. अशी एकवीस गावांची माणसं मला तोंडपाठ होती. दिंडोरीकडचा एक चहावाला तर फोनवर माझा आवाज ओळखून म्हणाला, मास्तर, तुमी कुठं गायब झाला, आणि मी त्याला म्हणालो, बाबा, ते नंतर, आधी चौकात बोंब मार की गारा नायेत.

आमची वैष्णवी चोवीस वर्षांची, कोडिंगमध्ये आम्हा सगळ्यांची आई. पण फोनवर ती म्हणायची, नमस्कार, मी वैष्णवी बोलते आहे, आपला एक मिनिट वेळ मिळेल का? समोरचा फट्‌दिशी ठेवून द्यायचा, त्याला वाटायचं लोनवाली आहे. असे नऊ फोन तिचे वाया गेले आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी तिला सांगितलं, पहिला शब्द गारा म्हण. मग पडणार नाहीत म्हण. नावबिव शेवटी. दहाव्या फोनला ती ओरडलीच, गारा पडणार नाहीत काका, तोडू नका! काकांनी ऐकून घेतलं. ओमला कळवणचे एक आजोबा लागले, त्यांची अहिराणी त्याला कळेना, त्यानं फोन माझ्या कानाला लावला. आजोबा आरामात म्हणाले, "आठे ते लख्ख ऊन पडेल शे भाऊ, आम्ही कशाले तोडतस?" एवढ्या गोंधळात तेवढंच एक शहाणं माणूस भेटलं.

दोन तास. कुणी जागचं उठलं नाही. ओमनं मधेच खालून चहा मागवला आणि पहिला कप माझ्यापुढं ठेवला. सार्थक माझ्या यादीतले वीस नंबर न विचारता स्वतःकडे घेऊन गेला. मला ते सगळं टोचत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक नंबर लागत होता पण उचलत नव्हतं कुणी. साळूबाई, मोहाडीजवळ, दोन एकर. पिंगळे म्हणाले, त्यांचा माल एक्स्पोर्टचा आहे, तीन दिवसांनी काढायचाय, आधी त्यांना गाठा. सात वेळा लावला. आठव्या वेळी उचलला.

मी म्हणालो, गारा नाहीत, मावशी, मेसेज चुकून गेला. मग त्या बोलल्या, आणि आवाज चढवला नाही हेच वाईट होतं.

"आता सांगतोस व्हय? चाळीस क्रेट तुटले माझे. मेसेज आला तवा मला पटंना. वर बघितलं तर ढगाचा ठिपका नाय. बायांना म्हणलं, थांबा, खरं आसंल तर कुणाचा तरी फोन येईल, खोटं आसंल तरी येईल. धा मिनिटं बांधावर हुबी राहिले फोन हातात धरून. नाय आला कुणाचा. मंग म्हणलं, तोडा. आन फोन पिशवीत टाकून मीबी लागले तोडायला."

दहा मिनिटं. मी तेव्हा टेबल पुसत होतो.

मी कसंबसं विचारलं की आता थांबवलंय का. थांबवलंय, म्हणाल्या. तुटलेला माल तीन दिवस आधीच तुटला म्हणून कच्चा, साखर भरली नव्हती, तो आता बाहेर जाणार नाही, इथल्या बाजारात नाहीतर बेदाण्याला. मी माफी मागितली. तू कशाला मागतोस, तू तर फोन तरी केलास, असं म्हणून त्यांनी ठेवला. मी पुढचा नंबर लावला.

एक वाजेपर्यंत सगळे फोन झाले. बाकी ठिकाणी फार तुटलं नव्हतं; मजूर गोळा होईपर्यंतच वेळ गेला होता म्हणून वाचलो. पिंगळे पुन्हा फोनवर आले, आणि आता त्यांना माणसाचं नाव हवं होतं. माझं अर्धं लक्ष डब्यात, अर्धं दारात. मॅडम त्यांना म्हणाल्या की साळूबाईंच्या मालाचं कंपनी बघेल, काय आणि कसं झालं ते सगळं उद्या सकाळी लिहून देते, पण नाव देणार नाही. आमच्याकडे नाव देत नाहीत. मी डबा न खाता बंद केला.

तीन वाजता फेरी होती. फेरी म्हणजे आमच्या ऑफिसचा एक रिवाज. काही बिघडलं की त्याच दिवशी सगळ्यांनी खुर्च्या गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं आपला वाटा सांगायचा. दोनच नियम: दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि ज्याच्या हातून झालं तो सगळ्यात शेवटी बोलणार. आधी दोन फेऱ्या मी बघितल्या होत्या, किरकोळ गोष्टींच्या, आणि खरं सांगू, मला ते नाटक वाटलं होतं. वाटायचं, सुशिक्षित लोकांची चौकशी अशीच गोड असणार, शेवटी मेमो मिळतोच.

सार्थकनं सुरुवात केली. खरी यादी उघडायचा पासवर्ड त्यानं सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवला होता, वर्षभर, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी मागायला येतं त्याचा त्याला कंटाळा. ओम खाली बघून म्हणाला की पाठवण्याआधी एक प्रश्न यायचा, सहाशे बारा लोकांना पाठवायचं, नक्की? तो प्रश्न त्यानं जानेवारीत काढून टाकला, रोज दहा वेळा हो म्हणून म्हणून बोट दुखतं म्हणून. वैष्णवी ओढणीचं टोक गुंडाळत बोलली. सकाळी एकानं तिला आपलं काम तपासायला दिलं होतं, तिनं हेडफोन न काढता अंगठा दाखवला होता. ओळीसुद्धा वाचल्या नव्हत्या. तो एक कोण ते सगळ्यांना माहीत होतं. तिनं नाव घेतलं नाही.

मॅडमचा वाटा सगळ्यात लांब निघाला. दुरुस्तीचा मजकूर मंजूर करून घ्यायचं पिंगळेंना दिवाळीत कबूल केलं होतं, केलं नाही. आणि नव्या माणसाला खऱ्या यादीपर्यंत जाऊ दिलं, कारण माणसं कमी आणि कामं जास्त. त्या हे सांगताना वहीत लिहीत होत्या, स्वतःचंच.

मग सगळे माझ्याकडे वळले.

मी बटण दाबलं, एवढं म्हणून सुटता आलं असतं. खरंच सुटता आलं असतं. चौघांनी आपापले वाटे उचलून माझं ओझं इतकं हलकं केलं होतं की मला फक्त मान डोलवायची होती. शुक्रवार दोन दिवसांवर. पण ती बाई फोन हातात धरून बांधावर उभी होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "आत्ताच दिसलं म्हणालो ते खोटं. दहा चाळीसला दिसलं. अकरा मिनिटं गप्प बसलो. साळूबाईंचा माल त्या अकरा मिनिटांपायी गेला."

खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. मला वाटलं, संपलं, आता उठावं आणि डबा घ्यावा. आणि सार्थक, जो कधी कुणाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत नाही, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "माहीत होतं, मास्तर."

मला कळेना. तो म्हणाला की काय काय गेलंय ते बघायला त्यानं नोंदी उघडल्या, तेव्हाच दिसलं. कुणी कुठलं पान कधी उघडलं हे तिथं सगळं लिहिलेलं असतं. दहा चाळीस ते दहा एक्कावन्न, माझ्या नावावर, तेच पान एकोणीस वेळा. त्यानं ते मॅडमना दाखवलं होतं. ओमनं त्याच्या मागून बघितलं होतं. वैष्णवीला ओमच्या तोंडावरून समजलं होतं. अकरा वाजताच सगळ्यांना माहीत होतं.

म्हणजे ते दोन तास. शेजारी बसून केलेले सहाशे फोन, वीस नंबर न विचारता घेतले ते, तो चहाचा पहिला कप. सगळं माहीत असताना.

मला रडू आलं. एकेचाळीस वर्षांचा बाप्या, भर ऑफिसात, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होतो. तेरा वर्षं मी असंच समजत आलो होतो की चूक म्हणजे एकट्याचा माल, ज्याचा त्यानं उचलावा नाहीतर लपवावा. मग मला रागही आला, माझा स्वभावच तसा. मी सार्थकवर खेकसलो की माहीत होतं तर बोलला का नाहीस. तो घाबरून म्हणाला, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ना. ते तुमचं होतं, तुम्हीच सांगायचं होतं.

मॅडमनी विचारलं, "मास्तर, त्या अकरा मिनिटांत तुम्हाला काय वाटत होतं? सांगितलं तर काय होईल?"

"काढाल," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहिलं. मग त्या उरलेल्या तिघांना म्हणाल्या की सहा महिने हा माणूस आपल्यात बसतो आणि त्याला असं वाटतं, तर हा आपला वाटा आहे, सगळ्यांचा. मी म्हणालो, मॅडम, उगाच माझं तुमच्या अंगावर घेऊ नका, मला ते चालायचं नाही. त्या म्हणाल्या, घेत नाहीये. तुमची ओळ तुम्हीच लिहा, आमची आम्ही लिहितो. वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं: चूक कळल्यावर अकरा मिनिटं सांगितलं नाही. त्याखाली त्यांनी लिहिलं: नवीन माणसाला चूक सांगायची भीती वाटते हे आम्हाला सहा महिने कळलं नाही. ते पान तसंच पिंगळेंना जाणार होतं, नावं सोडून.

मी म्हटलं, पिंगळेंचं ठीक आहे, पण साळूबाईंना कागद पाठवून चालणार नाही. तिथं नाव लागतं. मी सांगतो. मॅडम म्हणाल्या, लावा. मी तिथंच, त्या गोलातच फोन लावला, स्पीकरवर, कारण एकट्यानं बोलायची छाती नव्हती.

मी सगळं सांगितलं. माझं नाव, गाव, बटण, अकरा मिनिटं. तुम्ही बांधावर उभ्या होता तेव्हा मी घाबरून गप्प होतो, हे पण. माझ्या खुर्चीच्या पाठीवर ओमनं हात ठेवलेला मला जाणवत होता. साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुटला माल काय परत वेलीला लागत नाय. मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, कंपनी भरून देनार म्हनती ते मी घेनार, सोडनार नाय. मी म्हणालो, घ्याच.

"आन आईक," त्या म्हणाल्या. "इथून फुडं माझा मेसेजवर इश्वास नाय. गारा येनार आसल्या तर तू फोन करायचा. तूच. दुसऱ्या कुणाचा आला तर मी तोडनार नाय, सांगून ठिवते."

मी हो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

मॅडमनी वही मिटली. त्या नेहमीसारखं रुक्ष बोलल्या, जसं सिन्नरच्या गाडीत बोलायच्या. म्हणाल्या, शुक्रवारची चर्चा मग काही उरत नाही. साळूबाईंनी ड्युटी लावलीय, आता मास्तरांना काढायचा अधिकार माझ्याकडे नाही.

वैष्णवी हसली, मग ओम, आणि मग मीही, अजून नाक पुसत. खुर्च्या जागेवर गेल्या. सार्थकनं पासवर्ड बदलला, ओमनं तो प्रश्न परत आणला, आणि मी मजकुराच्या मंजुरीचा अर्ज भरायला बसलो: गारपिटीचा आधीचा मेसेज चुकीने गेला आहे, कृपया माल तोडू नये. भरून झाल्यावर वैष्णवीला तपासायला दिला. तिनं हेडफोन काढले, खुर्ची माझ्या खुर्चीला लावली आणि पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.